टाकी मोठी, पॅनेल छोटं

मुलांनो, आमच्या घराच्या गच्चीवर सोलर आहे आणि तरीही मागच्या अंगणात पहाटे बंबाचा धूर निघायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला याचं मोठं नवल वाटे. "बाई, तुमच्याकडं सोलर हाय न्हवं? मग ह्यो धूर कसला?" असं माझ्याच वर्गातल्या एका मुलानं मला भर वर्गात विचारलं. शाळेत जाता-येता त्याचं घर माझ्या घरासमोरून पडतं. आता सातवीच्या मुलांसमोर बाईंनी काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "अरे, थंडी जास्त आहे ना!" पण ते उत्तर खरं नव्हतं. मला खरं उत्तर माहीतच नव्हतं.

तर ही गोष्ट त्या उत्तराची आहे.

आम्ही राहतो मलकापूरला. सातारा जिल्ह्यात, कराडला अगदी खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर. (विदर्भातलं मलकापूर वेगळं, आणि कोल्हापूरकडचं शाहूवाडीचं मलकापूर आणखी वेगळं, बरं का! आमच्या पाहुण्यांची पत्रं पूर्वी तिन्हीकडं फिरून यायची.) चोवीस तास पाणी आणि घरोघरी पाण्याचं मीटर यासाठी आमच्या गावाचं नाव झालं. तेव्हा मोजमापाची सवय गावाला आहे. मात्र स्वतःच्या घरातलं गरम पाणी मोजायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सोलर बसवायचं ठरलं ते माझ्या सासूबाईंसाठी. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या पहाटे चारला उठतात. गुडघे धरलेले, तरी वाकून बंबात तुराट्या घालायच्या, फुंकायचं, धुरानं डोळे चोळायचे. गिझर होता, पण विजेचं बिल येईल म्हणून त्या त्याला हात लावत नसत. शेवटी त्यांनीच एका म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे काढून दिले आणि म्हणाल्या, "घ्या काय घ्यायचं ते. धूर तेवढा बंद करा."

आम्ही काय केलं? शहाणपण केलं! एका ठिकाणी इमारत पाडत होते, तिथली २०० लिटरची सोलरची टाकी निम्म्या किमतीत मिळाली. मोठी टाकी म्हणजे जास्त पाणी, असा आमचा हिशोब. पॅनेल मात्र नवं घेतलं. दुकानदार म्हणाला, "चार माणसांना १०० लिटरचं पॅनेल पुरतं." ते २ चौरस मीटरचं होतं. काळं रंगवलेला पत्रा, त्याला चिकटलेल्या तांब्याच्या नळ्या, वर काच, खाली उष्णता अडवणारा थर, अशी ती चपटी पेटी. टाकीसाठी लोखंडी घोडा करून घेतला, पण तो बुटका झाला. बसवणारा म्हणाला, "चालतंय ओ ताई, पाणी काय कुठं जातंय?" टाकी पॅनेलच्या शेजारीच बसली. तिचा तळ पॅनेलच्या साधारण मध्यावर आला.

पाणी तापायचं, नाही असं नाही. संध्याकाळी नळाखाली हात धरला की कोमट लागायचं. पहाटे मात्र जेमतेम गारवा मोडलेलं. मग आम्ही गिझर लावायचो, आणि आम्ही निजलेले असताना आत्या गुपचूप बंब पेटवायच्या. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. पैसे त्यांचे, धूरही पुन्हा त्यांच्याच वाट्याला.

त्या मुलाच्या प्रश्नानं मला टोचणी लागली. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सहा-सात मुलामुलींना घेऊन घरी आले. शाळेतली तापमापीही बरोबर घेतली. (गच्चीवर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही आणि सोलरच्या गरम पाण्याखाली एकदम हात घालायचा नाही, हे आधीच बजावलं.) सकाळी टाकीतलं जुनं पाणी सोडून नवं भरून ठेवलं होतं. ते भरलं २० अंशांचं. संध्याकाळी पाच वाजता मुलांनी मोजलं, ४१ अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मोजलं, ३० अंश. रात्री आम्ही नळ उघडलाही नव्हता.

सोमवारी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि वर्गाला विचारलं, "रात्रीत ११ अंश कुठं गेले?"

कुणी म्हणालं टाकी जुनी, फुटली असेल. कुणी म्हणालं थंडीनं. पण टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारा जाड थर होता आणि बाहेरून हात लावला तर टाकी गारच लागायची. म्हणजे उष्णता तिच्या अंगातून जात नव्हती. मग एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "बाई, रात्री त्या पायपांना हात लावून बघितला का?"

नव्हता बघितला! त्या रात्री नऊला मी आणि आमचे हे बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. टाकी आणि पॅनेल यांना जोडणारे दोन पाइप असतात, एक वरचा, एक खालचा. सूर्य बुडून तीन तास झाले होते, पॅनेलची काच दवानं ओली, गारठलेली. आणि वरचा पाइप चांगला गरम!

आता यातली मेख समजून घ्या. सोलरच्या या साध्या जातीत पंप नसतो. पाणी आपोआप फिरतं. चहाचं आधण ठेवल्यावर पातेल्यात पत्ती कशी वर-खाली फिरते ते पाहिलंय ना? तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. दिवसा पॅनेलमधलं पाणी तापलं की ते वरच्या पाइपातून टाकीत जातं, आणि टाकीच्या तळाचं गार पाणी खालच्या पाइपातून पॅनेलमध्ये येतं. दिवसभर हा रहाट चालू. पण रात्री? रात्री पॅनेल उघड्या आकाशाखाली गार पडतं. त्यातलं पाणी जड होतं. टाकी जर पॅनेलपेक्षा पुरेशी उंच असेल, तर हे जड पाणी पॅनेलमध्येच तळाला बसून राहतं, वरच्या गरम पाण्याला धक्का लागत नाही. आमची टाकी पडली शेजारी. त्यामुळं पॅनेलमधलं गार पाणी खालून टाकीत घुसायचं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपातून पॅनेलमध्ये यायचं. रहाट उलटा! दिवसभर सूर्यानं कमावलेलं आमचं पॅनेल रात्रभर आकाशाला वाटून टाकत होतं. सूर्याला आमच्या पॅनेलनं तापवलं असं म्हणायची पाळी.

टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच हवा. घोडा उंच करून घेतला. दोन दिवसांचं काम, वेल्डिंगवाल्याची मजुरी आणि थोडं लोखंड. पुन्हा मोजलं. संध्याकाळी ४१, सकाळी ३८. वर्गात टाळ्या पडल्या.

आत्यांनी ३८ अंशांच्या पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "हं. तान्ह्या लेकराला घालायला बरं हाय." आणि बंब पेटवायला गेल्या.

म्हणजे अर्धंच कोडं सुटलं होतं. उरलेलं अर्धं मात्र मुलांनी गणितानंच सोडवलं, तेही एका तासात. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी, हे तुम्हाला ठाऊक असेल. २०० लिटर पाणी २० वरून ४१ अंशांवर गेलं, म्हणजे २१ अंश चढलं. २०० गुणिले २१, झाल्या ४,२०० किलोकॅलरी. आमच्या पॅनेलची त्या थंडीतल्या स्वच्छ दिवसाची कमाई एवढीच. आता हीच कमाई २०० ऐवजी १०० लिटर पाण्याला मिळाली असती तर? ४२ अंश चढलं असतं! २० चं ६२ झालं असतं. (खरं तर थोडं कमी. पाणी जितकं जास्त तापतं तितकं पॅनेल जास्त उष्णता बाहेर सांडतं. पण हिशोबाला चालेल.)

तो समोरचा मुलगा ओरडला, "बाई, टाकी लई मोठी हाय! एका भाकरीत दहा जणं जेवायला बसल्यात."

इतकं चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं. पॅनेल चांगलं होतं. टाकीही चांगली होती, जुनी असली तरी दणकट. पण दोघांची जोडी जमत नव्हती. १०० लिटरला २ चौरस मीटर पॅनेल, २०० लिटरला ४, असा साधारण ठोकताळा आहे. दुकानदारानं पॅनेल बरोबर दिलं, त्याला आमची टाकी माहीत नव्हती. टाकी विकणाऱ्याला आमचं पॅनेल माहीत नव्हतं. आणि बसवणाऱ्यानं दोन्ही पाहिलं, पण मोजलं नाही. मोजायचं काम आमचं होतं.

ही अडचण नवी नाही बरं का. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लोक हेच शिकत होते. १८९१ मध्ये क्लॅरेन्स केंप नावाच्या माणसानं सोलर बंबाचं पेटंट घेतलं. त्यात काळ्या टाक्याच काचेच्या पेटीत ठेवलेल्या असत. दुपारी पाणी मस्त तापे, पण रात्री त्याच टाक्या काचेखाली गार पडत. म्हणून सकाळच्या आंघोळीला गार पाणी! मग १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं दोन कामं वेगळी केली. ऊन पकडायला नळ्यांचं चपटं पॅनेल, आणि पाणी साठवायला उष्णता धरून ठेवणारी वेगळी टाकी, पॅनेलपेक्षा उंचावर. आपल्या यंत्राला त्यानं नाव दिलं 'डे अँड नाइट', म्हणजे दिवसरात्र. आमच्या बुटक्या घोड्यानं बेलीचं सोलर पुन्हा केंपच्या काळात नेऊन ठेवलं होतं!

आणि आपला बंब? त्याला नावं ठेवू नका. तांब्याच्या बंबात जळणाची नळी पाण्याच्या मधोमध असते. चारही बाजूंनी पाणी, मध्ये विस्तव. ज्वाळेची उष्णता बाहेर पडायच्या आधी तिला पाण्याशी गाठ घ्यावीच लागते. चुलीवरच्या हंड्यापेक्षा कमी जळणात पाणी तापतं ते यामुळंच. ज्या कारागिरानं पहिला बंब घडवला त्याला जोडी जमवणं कळत होतं. फक्त धुराचा विचार त्यानं केला नाही.

आम्ही दुसरं पॅनेल घेतलं, त्याच मापाचं. लगेच नाही, तीन महिने पैसे साठवून. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून ठेवायचं असतं, कारण थंडीत आपल्याकडं सूर्य दुपारीही दक्षिणेकडं कललेला असतो. कराड-मलकापूर साधारण १७.३ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशच वर येतो. मे महिन्यात १० तारखेच्या आसपास मात्र तो दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली गडप होते. पण गरम पाण्याची निकड थंडीत, म्हणून पॅनेलला उतार द्यायचा तो थंडीतल्या सूर्याकडं बघून, अक्षांशापेक्षा थोडा जास्त. मुलांनी कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन उतार मोजला. २७ अंश भरला. गवंड्यानंही मान डोलावली.

त्या दिवशी संध्याकाळी ५७ अंश! आत्यांनी न्हाणीत बादली भरून घेतली, त्यात गार पाणी मिसळावं लागलं. एवढं झाल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "आता सोलर आलं म्हणायचं."

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी, पण वर्गात नवीनच फाटा फुटला. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी एसी आहे. तो म्हणाला, "बाई, आमचा एसी गेल्या उन्हाळ्यात बिघडला. बाहेरचं मशीन नवीन बसवलं, दीड टनाचं. आतलं जुनंच हाय, एक टनाचं. आता आतल्या जाळीवर बर्फ धरतोय आणि पाणी गळतंय. आणि बिल तर वाढलं. हे पण टाकी-पॅनेलवानीच हाय का?"

अगदी तसंच आहे! एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याचा आतला भाग म्हणजे उष्णता गोळा करणारा, बाहेरचा भाग म्हणजे ती फेकणारा. दोघांच्या मध्ये पाइपातून एक द्रव फिरत असतो. तो आत उकळून वायू होतो, बाहेर पुन्हा द्रव होतो. बाहेरचा पंप मोठा आणि आतली जाळी छोटी असली, की पंप ओढ ओढ ओढतो पण आत तेवढी उष्णता गोळाच होत नाही. जाळी शून्याखाली गार होते, हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं, मग हवाही जाईना. न उकळलेला द्रव पंपात गेला तर पंपाचंही आयुष्य घटतं. शिवाय जुन्या आणि नव्या यंत्रांतला वायू वेगवेगळा असू शकतो. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही. एसीवर जे तारे चिकटवलेले असतात ना, ते आतला आणि बाहेरचा भाग एकत्र चालवून, तपासून दिलेले असतात. एक भाग बदलला की ते तारे कागदावरच राहिले.

आणि हे 'टन' काय प्रकरण आहे? एसी काही टनभर वजनाचा नसतो. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फच वापरत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता उचलणारं यंत्र ते एक टनाचं. साधारण साडेतीन किलोवॅट. तेव्हा एक टनाचा एसी म्हणजे रोज जवळजवळ नऊशे किलो बर्फ घरात आणण्यासारखं! आणि गंमत म्हणजे विलिस कॅरियर यानं १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात यंत्र उभारलं ते माणसांसाठी नव्हेच. एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. ते जुळावेत म्हणून! म्हणजे तिथंही दुखणं जोडी न जमण्याचंच. तुमच्या हातातल्या या अंकाचं रंगीत मुखपृष्ठ बघा, म्हणजे कॅरियरची अडचण कळेल.

हे ऐकून आमच्याही घरात वरच्या पत्र्याच्या खोलीला एसी घ्यायचा बेत थांबला. ह्यांनी दुकानात विचारूनही ठेवलं होतं. पण पत्रा तापून तव्यासारखा, दारं-खिडक्यांना फटी, त्या खोलीला एसी म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. आम्ही पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, आतून छत करून घेतलं आणि कूलर आणला. कूलरचं मात्र एसीच्या उलट. त्याला उघडी खिडकी लागते. तो पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणून कोरडी हवा आत यायला हवी आणि दमट झालेली बाहेर जायला हवी. खिडकी बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोलीची न्हाणी होते. एप्रिलमधल्या कोरड्या उन्हात आमचा कूलर झकास चालतो. जूनमध्ये मिरगाचा पाऊस आला की हवेतच ओल, मग त्याचं काही चालत नाही. तेव्हा पंखाच बरा.

पंख्यातही जोडी असते हे मला उशिरा कळलं. पूर्वीचे ते मोठे डब्यासारखे रेग्युलेटर आठवतात? हात लावला तर गरम लागायचे. पंखा हळू फिरायचा, पण वाचलेली वीज बरीचशी त्या डब्यातच उष्णता होऊन जायची. हल्ली कमी विजेचे पंखे मिळतात, साध्या पंख्याला जिथं ७०-७५ वॅट लागतात तिथं हे तीसेक वॅटमध्ये चालतात. पण ते जुन्या रेग्युलेटरवर जोडायचे नसतात, त्यांचा वेग त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेनं बदलायचा असतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी जोडला. पंखा आठवड्यात कुरकुरू लागला आणि नवा पंखाच वाईट म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटले.

एसीवाल्या मुलाच्या वडिलांनी अजून काही बदललेलं नाही. "पुढच्या उन्हाळ्यात बघू," म्हणतात. पोरगा मात्र रोज मीटरचे आकडे वहीत लिहून आणतो. एसी लावलेल्या दिवसाचे वेगळे, न लावलेल्या दिवसाचे वेगळे. वडिलांना दाखवणार आहे.

आणि आमचा बंब? आत्यांनी तो चिंचेनं घासून लख्ख करून ठेवला होता. मोडीत द्यायचा का, असं ह्यांनी विचारलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत. जुलै आला. कोयनेच्या खोऱ्यात झड लागली, पाच दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही. सोलरच्या टाकीत पाणी २६ अंश. सहाव्या दिवशी पहाटे मागच्या अंगणात धूर दिसला. समोरचा मुलगा छत्री घेऊन फाटकाशी आलाच, "बाई, परत बंब?"

आतून आत्यांनीच उत्तर दिलं, "आरं, ऊन न्हाई तर तुझं सोलर काय करंल? बस, चहा घे."